सहा वाऱ्या, नऊ हजार फोटो, आणि त्यातला माझा कुठला?

नीरेकाठचा | ११ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

झालं असं की मागच्या आठवड्यात एका व्हॉट्सॅप ग्रुपवर बेलवाडीच्या रिंगणाचा फोटो आला. अश्व सुटलाय, चारी पाय हवेत, मागे पताकावाल्यांची धूसर भिंत, आणि खाली भलत्याच माणसाचं नाव. माझं डोकंच फिरलं. फोटो ढापला म्हणून त्या बिचाऱ्याला पर्सनलवर दोनचार शब्द सुनावले पण, आणि मग पुरावा म्हणून हार्डडिस्क उघडून माझा ओरिजिनल काढला तर त्यात घोडा उलटीकडे पळतोय. म्हणजे फोटो त्याचाच होता. माफी मागितली, तोही मोठ्या मनाचा निघाला, म्हणाला अहो माझंही दोनदा असं झालंय, आपण सगळे त्याच ढिगाऱ्यावर उभे असतो ना.

हसण्यावारी नेलं पण डोक्यातून जाईना. सहा वर्षं वारीचे फोटो काढतोय. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, तुकोबांची पालखी अगदी घरावरून जाते, शिवाय नोकरी चाकणला असल्याने माउलींच्या पालखीला दिवे घाटात पण एक दिवस मारतो. नऊ हजारांच्या वर फोटो झालेत. त्यातले लोकांना आवडलेले बघितले तर काय, घाटाचा वरून नागमोडी रस्ता, डोक्यावर तुळस घेतलेली बाई तीनशेवर झूम करून, आणि म्हाताऱ्या माउलींचा सुरकुत्यांचा चेहरा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये क्लॅरिटी फुल्ल ताणून. हे सगळं नेटवर शोधलं तर माझ्यापेक्षा चांगलं मिळतं. नाव झाकलं तर कोणाचं ते मलाच ओळखू येत नाही हे तर आता सिद्धच झालं.

तर प्रश्न असा की स्वतःची नजर, आवाज, शैली जे काय म्हणतात ते येतं कुठून? क्लास लावून येतं का? खाली चार फोटो देतोय, यांना कुठंच लाईक नाहीत पण मला का कोण जाणे डिलीट करवत नाहीत. बघून सांगा.

हिरवी_चिंच | १२ मे, सकाळी ७:४८

फोटो दिसत नाहीयेत 😐 नुसत्या चार चौकोनी फुल्या दिसतायत. लिंक पब्लिक केलीस का?

बाकी भांडण उकरून काढून माफी मागायचा किस्सा भारी.

ठाण्याचा_ढग | १२ मे, सकाळी ९:१५

मलापण फुल्या. तूर्तास सर्वात ओरिजिनल काम तेच आहे म्हणायला हरकत नाही.

जोक अपार्ट, "आवाज" वगैरे फार मनावर घेऊ नका हो. मी बारा वर्षं लग्नं शूट करतोय, क्लायंटला नवरीच्या मेंदीचा क्लोजअप हवा असतो, माझा आवाज नको असतो. आधी एक्स्पोजर नीट येऊ द्या.

नीरेकाठचा | १२ मे, रात्री १०:०५

सॉरी सॉरी. तीनदा प्रयत्न केला, अपलोड काही जमेना, आणि ड्राइव्हची लिंक इथे चालत नाही असं दिसतंय. तोवर शब्दात सांगतो, समजून घ्या.

फोटो १. डांबरी रस्ता, नुकताच पाऊस पडून गेलेला, त्यावर ट्रॅक्टरच्या टायरने आणलेल्या चिखलाचे दोन पट्टे. वरच्या कडेला एका बाईचे पाय आणि तिने धरलेलं ओल्या पातळाचं टोक. दुसरं टोक धरणारी फ्रेमच्या बाहेर आहे. दोघी चालता चालता वाळवतायत.

फोटो २. आमच्या घरापुढचं अंगण, सारवलेलं, मध्येमध्ये पोपडे निघालेत. त्यावर पडशा, टाळांच्या दोन जोड्या, आणि मरणाच्या चपला. माणसं आत जेवायला बसलीत. वर डाव्या कोपऱ्यात पायरीवर टेकलेलं एक कोपर.

फोटो ३. ऊस गेलेल्या रानातलं पाचट. तेच तेच पाचट. एकदम वर बांधावर दिंडीचा ट्रक आणि त्याच्या दोरीवर धोतरं.

फोटो ४. सराटीला पादुकांचं नीरास्नान झाल्यावर, गर्दी पांगल्यावर, घाटाच्या दगडावरचे ओले पाय. म्हणजे पावलांचे ठसे. अर्धे वाळलेले. वर एक पताका अर्धी कापली गेलीय.

एक्सिफ | १२ मे, रात्री ११:४०

शैली बिली नंतर, आधी डेटा. फोटो एडिट करायचं लाइटरूम सॉफ्टवेअर असेल ना, त्यात लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर लाव, फोकल लेंग्थ (लेन्स किती झूम केली तो आकडा) कॉलम काढ, आणि कुठल्या आकड्याला किती फोटो ते बघ. ७०-३०० ची झूम लेन्स वापरणाऱ्या नव्वद टक्के लोकांचे ३०० ला असतात, म्हणजे लेन्स संपेपर्यंत फिरवायची आणि थांबायचं. तो निर्णय नाही, ते भिंतीला आपटणं आहे. (नव्वद हा आकडा माझ्या मनचा आहे, पुरावा मागू नये.)

आणि चार जणांचे रिंगणाचे फोटो सारखे का येतात तर सगळे तेवढ्याच अंतरावर उभे असतात म्हणून. मागचे पुढचे एकमेकांवर दाबल्यासारखे दिसतात ते लेन्समुळे नसतं, अंतरामुळे असतं, लेन्स फक्त कापून देते. उभं राहायची जागा बदलली तरच फोटो बदलेल.

डार्करूमवाले काका | १३ मे, पहाटे ५:३०

फोटो दिसले नाहीत हे फार उत्तम झाले.

नीरेकाठचे, तुम्ही चार फोटोंचे वर्णन केलेत. चारही वेळा पहिल्या वाक्यात काय आले ते परत वाचा. रस्ता, अंगण, रान, घाटाचा दगड. माणूस चारही वेळा शेवटी आणि वरच्या कडेला, तोही अख्खा नाही. वारीचा फोटो सांगताना माणसाआधी जमीन सांगणारा मी तरी पहिलाच पाहतो. आमच्या स्टुडिओत येणारी मुले फोटो दाखवताना "ही बाई बघा काका, हा घोडा बघा" असे सांगत.

आता एकच प्रश्न. हे चार फोटो तुम्ही कॉम्प्युटरवर कापलेत का? आणि जे लोकांना आवडले ते कापलेत का?

नीरेकाठचा | १३ मे, दुपारी १:१५

काका, जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास तसाच राहिला.

हे चार कापलेले नाहीत. एडिट करण्याच्या लायकीचे वाटले नाहीत म्हणून हातच लावला नव्हता. आणि आवडलेले सगळे कापलेत. चार वर्षांपूर्वी एका क्लबच्या स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुमच्या फोटोत खाली नुसती मोकळी जागा पडलीय आणि वर डोकी उडतायत, फ्रेमिंग शिका. तेव्हापासून घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे खालचं कापायचं. हात बसलाय आता.

संध्याकाळी बघतो.

नीरेकाठचा | १४ मे, रात्री १२:५०

झोप उडाली म्हणून आत्ताच लिहितो. लाइटरूममध्ये क्रॉप रिसेट करता येतो, मूळ फाइल तशीच असते. एडिट केलेले २१२ फोटो होते, सगळे सिलेक्ट करून एका झटक्यात रिसेट मारला. १६८ मध्ये मी खालून कापलं होतं. वरून किंवा बाजूने कापलेले हाताच्या बोटांवर. त्या तुळशीवाल्या बाईचा फोटो, जो सगळ्यात जास्त फिरला, तो मुळात उभा आहे, आणि खालच्या अर्ध्यात तिची सावली आहे, डांबरावर, सावलीच्या डोक्यावर पण वृंदावन. मी सावली कापून चेहरा ठेवला होता. मला ती सावली काढल्याचं आठवत पण नाही.

एक्सिफ, तुझा आकडा पण बघितला. ३०० ला ६१ टक्के. भिंतीला आपटलोय खरा.

हिरवी_चिंच | १४ मे, सकाळी ८:०२

अरे देवा!! सावली कापली? 🤦‍♀️

धागा वाचनखूण साठवलाय. काका म्हणजे डिटेक्टिव्ह आहेत.

ठाण्याचा_ढग | १४ मे, सकाळी १०:३०

थांबा थांबा, उगाच आरती सुरू करू नका. तो परीक्षक बरोबरही असू शकतो. खाली जागा सोडणं आणि डोकी उडवणं ही नवशिक्याची चूक आहे हे पहिल्या दिवशी शिकवतात. आता प्रत्येक चुकीला "माझा आवाज" म्हणायचं का? मग माझ्याकडे फोकस हललेले दोन हजार फोटो आहेत, भरवतो प्रदर्शन.

आणि तो फ्रेमचे तीन भाग पाडायचा रूल ऑफ थर्ड्स काय उगाच आलाय का?

एक्सिफ | १४ मे, सकाळी ११:०५

थर्ड्सवर बोलायचं तर तो शब्द १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने लिहिलाय, निसर्गचित्रात उजेड आणि अंधार किती कुठं असावा या संदर्भात. तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही झाला नव्हता. त्यामुळे वारीच्या फोटोला तो लागू करायलाच पाहिजे असं काही घटनेत लिहिलेलं नाही.

पण ढगशी अर्धा सहमत. माझा दुसरा संशय असा की हे जमीनप्रेम वगैरे काही नसून आषाढातलं आभाळ आहे. पांढरंफटक असतं, फ्रेममध्ये घेतलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, माणसं काळी येतात. दोन वर्षं असं झालं की माणूस नकळत कॅमेरा खाली वाकवतो. नीरेकाठच्या, वारी सोडून बाकीचे फोटो बघ. निळ्या आभाळात काढलेले.

नीरेकाठचा | १४ मे, रात्री ९:३०

बघितले. दिवाळीचे घरचे, बहिणीच्या लग्नाचे, महाबळेश्वरचे. महाबळेश्वरला लोक दरी बघतात, माझ्या फोटोत अर्धी फ्रेम कठड्याच्या अलीकडची लाल माती आणि मक्याची कणसं टाकलेली. आभाळाचा काही संबंध दिसत नाही.

डार्करूमवाले काका | १५ मे, पहाटे ५:१०

ढगसाहेबांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. चूक आणि सवय यात फरक काय हे मला माझ्या उस्तादांनी असे दाखवले होते. रोल धुतला की छत्तीस फ्रेमची कॉन्टॅक्ट शीट काढायची, म्हणजे निगेटिव्हच्या पट्ट्या थेट कागदावर ठेवून एवढ्या एवढ्याशा प्रिंट, आणि शीट उलटी धरायची. उलटी धरली की बाई घोडा देऊळ काही दिसत नाही, फक्त काळे पांढरे आकार दिसतात. हललेला फोकस प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा हललेला असतो. पण एखाद्याचे वजन जर छत्तीसपैकी तीस वेळा एकाच बाजूला पडत असेल तर तो हात चुकत नाहीये, तो काहीतरी मागतोय. मग ते द्यायचे की नाही हे त्याने ठरवायचे, पण निदान मुद्दाम ठरवायचे.

माझ्याकडे याशिका मॅट होता. १२० चा रोल, बारा फ्रेम, चौकोनी. तो पोटाशी धरून वरून आत बघायचे, काचेवर डावे उजवे उलटे दिसते. लोकांना वाटायचे हा मान खाली घालून उभा आहे. पोटाच्या उंचीवरून जग वेगळे दिसते, लहान मुलाला दिसते तसे. त्या कॅमेऱ्याने मला जे दिले ते पुढे महागड्या कॅमेऱ्याने दिले नाही, पण ते माझे होते का याशिकाचे हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

कापायचे कमी करा एवढेच सांगतो. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ कधीच कापत नसत, निगेटिव्हची काळी कड दिसेल असे प्रिंट काढून घेत.

एडिसनकर | १५ मे, सकाळी ६:४५ (इथे अमेरिकेत काल रात्र)

काका, साष्टांग नमस्कार, पण एक बारीक दुरुस्ती. ब्रेसाँ महाशयांचा सगळ्यात गाजलेला फोटो, पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस, १९३२ चा, तो कापलेलाच आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून काढला होता आणि लेन्स पूर्ण आत जात नव्हती, त्यामुळे बाजूला फळी आली होती, ती कापली. म्हणजे देवाने पण एकदा कापलंय.

डार्करूमवाले काका | १५ मे, सकाळी ७:००

बरोबर. लिहिताना विसरलो. "कधीच" हा शब्द मागे घेतो.

एडिसनकर | १५ मे, सकाळी ७:३०

आलोच आहे तर अवांतर करून जातो. सॉल लायटर म्हणून फोटोग्राफर होता, १९२३ ते २०१३. घरच्यांना तो रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हायला हवा होता, हा १९४६ ला पळून न्यूयॉर्कला आला चित्रकार व्हायला. पन्नासच्या दशकात, जेव्हा कलर म्हणजे जाहिरातवाल्यांचं काम समजलं जायचं, तेव्हा मुदत संपलेल्या स्वस्त रोलवर स्वतःसाठी रंगीत काढत बसला, बहुतेक सगळे घराच्या आसपासच्या गल्ल्यांतले. घाम आलेल्या काचा, छत्रीची अर्धी कड, फ्रेमचा पाऊण भाग नुसतं काळं छत आणि खाली चिमूटभर माणसं. त्याची एक फ्रेम मी न्यूयॉर्कला प्रदर्शनात बघितली आणि बाहेर आलो तर पाऊस होता, आणि पाच मिनिटं मला सगळं शहर त्याचंच दिसत होतं. बरं, हे रंगीत काम जगाला नीट दिसलं कधी, तर २००६ मध्ये पुस्तक आलं तेव्हा, म्हणजे वयाच्या ८२-८३ व्या वर्षी. मधली बरीच वर्षं पोटापाण्याला फॅशनचे फोटो.

तर ढगसाहेब, लग्नं शूट करा आणि आवाजही ठेवा, असं करता येतं.

ठाण्याचा_ढग | १५ मे, सकाळी ९:५०

८२ व्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणता. बरं.

हिरवी_चिंच | १५ मे, दुपारी ३:२०

मी फक्त मोबाईलवर काढते त्यामुळे लेन्सवर ज्ञान नाही, पण एक सांगते. सासरी आले तेव्हा दिवसभर स्वयंपाकघरात, आणि ओट्यासमोर एक खिडकी, तीन उभे गज. बाहेर फणस, विहीर, येणारी जाणारी. मी सगळं त्या गजांमधून काढायचे, आणि गज मध्ये येतात म्हणून चिडायचे. मग कुठंतरी रघुबीर सिंगांचे फोटो बघितले, अँबॅसडर गाडीत बसून दारातून, खिडकीतून, काचेतून, आरशातून अख्खा भारत काढलाय त्यांनी, गाडीचं दार फ्रेममध्ये तसंच, लपवायचा प्रयत्नच नाही. १९९९ ला गेले ते. तो बघून मी गज लपवायचे बंद केले. आता घर बांधलंय, मोठी स्लायडिंग खिडकी आहे, गज नाहीत, आणि फोटोच येत नाहीत हो 😄 खरंच. फणस तोच आहे.

त्यामुळे नीरेकाठच्या तू लहानपणी कुठं बसायचास पालखी बघायला ते सांग.

नीरेकाठचा | १५ मे, रात्री १०:४०

ओट्यावर. पण मला वाटतंय तुम्ही सगळे मिळून माझी जन्मपत्रिका काढताय. ओट्यावरून डोकी दिसायची, पाय नाही. पायाशी मी असायचो ते पाणी द्यायला, आई तांब्या द्यायची आणि बसलेल्या लोकांत पाठवायची. तेवढ्याने असं होतं का? माझा भाऊ पण तेच करायचा आणि तो सेल्फी काढतो.

पायवाट | १६ मे, सकाळी ११:१५

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या सासूबाई अठरा वर्षं माउलींच्या सोहळ्यात चालतात. मी दोनदा गेले आहे, एकदा पूर्ण.

हे सगळं वाचताना मला तुमचा पहिला फोटो खटकला. बायका पातळ वाळवतात ते आपला ओलावा चारचौघांत घेऊन चालण्यासारखं असतं, नाइलाज असतो म्हणून करतात. पहाटे टँकरखाली आंघोळी चालतात तिथेही हल्ली मोठ्या लेन्सवाले उभे असतात. सासूबाई तर सरळ पाणी उडवतात. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तुमच्या पायाच्या फोटोला कोणी नाही म्हणणार नाही कदाचित, पण विचारलं होतं का? चेहरा नाही म्हणून विचारायची गरज नाही असं वाटतं का तुम्हाला?

आणि दुसरं, राग मानू नका, पण मला शंका येते की तुम्ही खाली बघता कारण तुम्हाला वर बघायची लाज वाटते.

नीरेकाठचा | १६ मे, रात्री ११:१०

राग नाही. दिवसभर हेच डोक्यात होतं.

नाही विचारलं. एकालाही नाही, सहा वर्षात. तीनशेची लेन्स घेतली तीच मुळी विचारायला लागू नये म्हणून, आज पहिल्यांदा कबूल करतोय. आणि लाजेचं पण खरं असेल. मग काका म्हणतात तो हात काहीतरी मागतोय ते हेच का, की मला तोंड चुकवायचंय?

ठाण्याचा_ढग | १७ मे, सकाळी ९:००

आता कसं बोललात पायवाट ताई. स्ट्रीट फोटोग्राफीवाल्यांत पाठमोरे फोटो काढणारे सगळे असेच असतात, मी पण होतो. पाठ हा आवाज नाही, पाठ म्हणजे भीती.

डार्करूमवाले काका | १७ मे, सकाळी ९:४०

असेलही. तपासायला सोपे आहे. यंदा मोठी लेन्स घरी ठेवा, एकच छोटी न्या, प्रत्येकाला विचारा, समोरून चेहरा काढा, आणि तरीही जमीन उरली तर ती तुमची. नाही उरली तर लाज होती, गेली, तेही वाईट नाही.

सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे काम केले ते बघा जमले तर. नरकासारख्या जागेतले फोटो आहेत, पण हा माणूस त्यांच्यात उभा आहे, लांबून टिपत नाही, हे फोटोतून कळते. ते लेन्समुळे कळत नाही.

एक्सिफ | १७ मे, सकाळी १०:१०

क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ३५ चा प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. साधारण ५२ सारखा दिसतो. सेकंडहँड स्वस्त मिळेल. आणि आल्यावर प्रिंट काढ, ४ बाय ६ च्या, फरशीवर मांड. स्क्रीनवर एकेक बघून काही कळत नाही. रॉबर्ट फ्रँकने अमेरिका फिरून २७ हजारांवर फ्रेम काढल्या आणि पुस्तकात ठेवले ८३. मेहनत त्या ८३ ची आहे, फिरायची नाही.

नीरेकाठचा | ९ जुलै, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. एकादशी झाली, काल चाकणला आलो, पाय अजून ठणकतायत.

तीन दिवस चाललो, बेलवाडी ते सराटी, फक्त ३५. पहिला दिवस पूर्ण वाया. विचारलं की माणसं उभी राहतात, टोपी सारखी करतात, हात जोडतात आणि कॅमेऱ्याकडे बघतात, "काढा माउली". असे सत्तरेक चेहरे आले, सगळे आधार कार्डासारखे. एका आजोबांनी तर मला धरून उभं केलं आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर माझाच फोटो काढून घेतला. रिंगणाला ढिगाऱ्यावर गेलो नाही, त्यामुळे घोडा दिसलाच नाही, नुसता आवाज आला आणि माती थरथरली.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. फोटो काढून झाला की माणूस सैल पडतो, खाली बसतो, पाय पसरतो, तुमच्याशी बोलायला लागतो, तुम्ही पण बसता. मग कॅमेरा आपोआप गुडघ्याच्या उंचीला येतो. तिथून काढलेल्यात जमीन आलीच. तंबूच्या खुंट्या, भाकरीचे तुकडे, मुंग्या, पायाला लावलेलं तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ. पण आता वरच्या कडेला नुसते पाय नाहीत, कधी वाकलेला चेहरा पण आहे, खाली बघणारा. हे आधी नव्हतं.

पायवाट ताई, पातळं वाळवणाऱ्या दोघींना विचारलं. एक नाही म्हणाली, काढला नाही. दुसऱ्या जोडीतली म्हणाली पातळाचा काढ, माझा नको. काढला.

एकूण ३४० फोटो, ४१ प्रिंट, फरशीवर मांडल्या, आई त्यांच्यावरून पाय न देता झाडू मारत होती. शेवटी १६ ठेवल्या. अपलोड या वेळी जमलंय बहुतेक.

हिरवी_चिंच | १० जुलै, सकाळी ७:३०

दिसले!!! सातवा आणि बारावा. सातव्यात खुंटीची दोरी आणि आजींची शीर एकाच रेषेत आलीय ते मुद्दाम की नशीब?

नीरेकाठचा | १० जुलै, सकाळी ८:१०

नशीब. पण पुढचे चार मुद्दाम, ते एवढे बरे आले नाहीत.

ठाण्याचा_ढग | १० जुलै, सकाळी १०:००

प्रामाणिक मत हवं असेल तर, तीन आवडले, पाच ठीक, बाकीचे कंटाळवाणे. पाचटाचा फोटो पाचट आहे, तो काढा. पण तो ओल्या मातीत रुतलेल्या चपलेचा बघितल्यावर नाव न वाचता तुमचा म्हणून ओळखला असता एवढं कबूल.

एक्सिफ | १० जुलै, सकाळी १०:२५

ढगने कबूल केलं. स्क्रीनशॉट घेतलाय.

अकरा आणि चौदा एकच आहेत, एक काढ. क्रम पण बदल, आत्ता तारखेप्रमाणे लावलेत.

डार्करूमवाले काका | ११ जुलै, पहाटे ५:२५

उलटे धरून पाहिले. वजन खालीच आहे, पण पूर्वी सांगितलेल्या चारात ते नुसते पडलेले असणार असे वाटते, इथे कशाला तरी टेकलेले आहे. बाराव्यात वरची कड जरा घट्ट झाली. अर्धे बोट जागा सोडली असती तर बरे. मनगटाचा प्रश्न आहे, सुटेल.

पायवाट | १३ जुलै, दुपारी ४:००

सासूबाई काल पंढरपूरहून आल्या, त्यांना फोनवर दाखवले. त्यांना फोटोतलं काही कळत नाही असं त्यांचं म्हणणं, पण एकेक बोट लावून बघत होत्या. एकावर म्हणाल्या हा दुपारचा विसावा आहे, सकाळच्याला कोणी चप्पल उशाला घेत नाही. मग त्या रुतलेल्या चपलेवर थांबल्या आणि हसल्या. म्हणाल्या, ही पहिल्यांदा आलेली दिसते. वारीला नवी चप्पल कोण घालतं? फोडांनी जीव गेला असेल पोरीचा.

नीरेकाठचा | १३ जुलै, रात्री ९:४५

आत्ता मोठा करून बघितला. पट्ट्यावर कंपनीचं स्टिकर अजून तसंच आहे. काढताना मला फक्त चिखल दिसला होता.

बाकीचे पंधरा पण त्यांच्याकडून वाचून घ्याल का?

पायवाट | १४ जुलै, सकाळी ८:२०

घेते. पण कागदावर मोठे काढून पाठवा, मोबाईलवर त्यांना डोळे बारीक करून बघावं लागतं.